साक्षीची बाटली

१

सकाळी नऊच्या सुमारास भाचीने चार नंबरच्या टाकीचा छोटा नळ फिरवला, खाली ग्लास धरला, आणि ग्लास कोरडाच राहिला. तिने नळ आणखी फिरवून पाहिला. मग मूठ वळून टाकीवर ठोकली. भरली टाकी ठोकली की बसका आवाज येतो. ही घंटेसारखी वाजली. हजार लिटर आयपीए, म्हणजे कडवट चवीची बिअर, जिच्यापायी ती पाच आठवडे धड जेवली नव्हती की झोपली नव्हती, ती टाकीत नव्हती.

"मावशी" अशी तिची हाक जिना चढून वरच्या चवखोलीत पोचली, तेव्हा मावशी उद्यासाठी ग्लास पुसत होत्या.

मावशी म्हणजे या छोट्याशा ब्रुअरीच्या मुख्य परीक्षक. घरी त्या भाचीच्या सख्ख्या मावशी, कामावर सगळ्यांच्या नुसत्या 'बाई'. तीस वर्षं नाकावर आणि जिभेवर पोट भरलेलं. स्वभाव तिखट. चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची, आणि जगात चुकीचे शब्द उदंड, त्यामुळे ती तिडीक बहुतेक वेळ तिथेच मुक्कामाला असायची.

उद्या दहा वाजता बाहेरचे तीन परीक्षक येणार होते. त्यांनी ही आयपीए चाखून पसंत केली तर ती ब्रुअरीच्या नावाने बाजारात जाणार आणि भाचीची सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी पक्की होणार, असं ठरलेलं. तिची स्वतःची, कुणाचं बोट न धरता केलेली ही पहिलीच बिअर. आणि गंमत म्हणा किंवा हट्ट म्हणा, बाईंनी त्या बिअरला अजून ओठसुद्धा लावला नव्हता. मावशीने भाचीला गुण द्यायचे म्हणजे उंदराला मांजर साक्ष, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. भाची रोज विनवायची, एक घोट घे. बाई रोज नाही म्हणायच्या.

मालक आले ते शर्टाची बटणं वरखाली लावूनच. त्यांनी टाकी ठोकली, नळ फिरवला, पुन्हा ठोकली. जे भाचीने करून पाहिलं होतं तेच सगळं त्यांनी करून पाहिलं, आणि मग घाम पुसत बाईंकडे वळले.

"हे आपोआप झालेलं नाही, बाई. कुणीतरी सोडली आहे. तुम्ही म्हणता ना, तुमच्या नाकातून काही सुटत नाही? मग हे हुंगून काढा. पाच वाजेपर्यंत मला नाव हवं. नाही मिळालं, तर टाकी जिच्या ताब्यात होती तिला मी घरी पाठवणार. पत्र टाइप करायला सांगितलंय."

२

आता बिअर चाखायची म्हटली तर बाई जगाला शिकवतील. पण चोर कसा चाखायचा? त्या चडफडत टाकीघरात उतरल्या आणि पहिल्याच वळणावर गुडघा खोक्यांच्या राशीवर आपटला. नव्या बाटल्यांची ती खोकी चार नंबरच्या टाकीला टेकवून कुणीतरी छातीएवढी रचून ठेवली होती. काल दुपारी उद्याच्या परीक्षणाची यादी ठरवायला घाईघाईने निघताना बाईंनी हे फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. रास जागची हललेली नव्हती. या जागेत हा पुठ्ठा हलवायलासुद्धा आता मीच यायचं का, असं पुटपुटत त्यांनी गुडघा चोळला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

टाकी मात्र त्यांनी नीट पाहिली. खालचा मोठा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता. झाकण उघडून आत डोकं घातलं तर बिअरचा वास नाही, हॉप्सच्या कडू फुलांचा नाही. नुसता धुतलेल्या स्टीलचा. निचऱ्याची नळी गुंडाळून खुंटीला लावलेली. जमीन कोरडी. भिंतीवरचा फळा, ज्यावर टाक्यांची कामं लिहायची पद्धत होती, तो पुसून लख्ख केलेला.

टाक्यांची देखभाल करणारे काका कोपऱ्यात वॉशर बदलत बसले होते. यांना सगळे हूंकाका म्हणत. विचारा काही, उत्तर एकच. 'पाऊस येईल का?' 'हूं.' 'जेवलात का?' 'हूं.' त्या हूंमध्ये होय, नाही, बघू आणि तुम्हाला काय करायचंय, हे सगळं मावायचं. बाईंशी त्यांचं बरं होतं. बाईंपुढे ते चक्क वाक्यं बोलत.

काल संध्याकाळी इथे काही वेगळं घडलं का, असं बाईंनी विचारलं. काका म्हणाले, वेगळं काही नाही. कुणी परकं आलं होतं? नाही. काका किती वाजता गेले? सहाला.

"मग टाकी कुणी सोडली असेल, तुमचा काही अंदाज?"

काकांनी पाना खाली ठेवला. आधी बाईंकडे पाहिलं, मग जिन्यावर रडवेल्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या भाचीकडे, मग पुन्हा बाईंकडे.

"बाई, हे तुम्ही विचारताय?"

"मी नाही तर कोण विचारणार?"

"हूं," काका म्हणाले आणि वॉशरकडे वळले.

बाईंना वाटलं, म्हातारा दुखावला. इतक्या वर्षांच्या माणसावर संशय घेतला असं त्याला वाटलं. स्वतःवरच चिडत त्या वर आल्या, तर मालक दारातच पहारेकऱ्याची वही उघडून उभे. काल काका गेल्यावर एकच माणूस आत आला होता. सातला येऊन साडेनऊला गेला होता. मालकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. सही भाचीची होती.

३

भाचीला चवखोलीत बसवून बाईंनी दार लावून घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ; पण विचारायला तर हवं.

भाचीने लगेच कबूल केलं. आली होती. उद्याच्या नमुन्याच्या बाटल्यांना लेबलं लावायची होती, ती ऑफिसात बसून लावली आणि गेली. टाकीघरात डोकावलीसुद्धा नाही. का नाही डोकावली? तर म्हणे भीती वाटत होती. आणखी एकदा चाखली असती तर आणखी एक खोट सापडली असती, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसता.

बाईंनी कपाळाला हात लावला. हीच गोष्ट मालकांच्या कानावर वेगळ्या रंगात गेली होती. दोन दिवसांपूर्वी भाची जुन्या ब्रुअरसमोर म्हणाली होती, की इतकी धाकधूक होतेय, वाटतं ओतूनच द्यावी सगळी. माणूस वैतागला की बोलतो असं. पण मालकांनी आता दोन आणि दोन मांडून चार केले होते: पोरगी घाबरली, बिअर बिघडली असणार, परीक्षकांपुढे नाक कापलं जाण्यापेक्षा तिने रातोरात टाकी सोडली.

"असं बोललीस का तू?"

"बोलले."

"कशाला बोललीस? जिभेला हाड नाही का?"

भाचीचा चेहरा लाल झाला. आतापर्यंत आवरलेलं रडू गेलं आणि राग वर आला.

"कुणाशी बोलणार होते मग? तुझ्याशी? पाच आठवडे मी तुझ्या मागे ग्लास घेऊन फिरतेय. एकदा चाखली असतीस तर आज छातीठोक सांगू शकली असतीस, की बिअर चांगली होती, ही का ओतून देईल. आता माझ्या बाजूने बोलायला एक माणूस नाही. आणि खरं सांग मावशी, तुलाही वाटतंय ना, मीच ओतली?"

'नाही' हा शब्द बाईंच्या जिभेवर यायला एक क्षण उशीर झाला, आणि तो उशीर भाचीने पाहिला.

४

अकरा वाजले, बारा वाजले. बाई जुन्या ब्रुअरकडे गेल्या. याला सगळे वस्ताद म्हणत. वीस वर्षं फिकी, गुळगुळीत, कुणालाही न दुखावणारी बिअर करत आलेला माणूस. हॉप्सचा त्याला मनापासून तिटकारा. भाचीच्या आयपीएला तो 'काढा' म्हणायचा. सर्दीपडशावर बरा, म्हणायचा.

वस्ताद चवखोलीच्या भिंतीवरच्या तक्त्याखाली बसून भाकड जोक करत होता. तो तक्ता बाईंच्या हाताचा. 'छान', 'मस्त', 'बरी' हे शब्द त्यांनी या खोलीतून हद्दपार केले होते. एका दोषाला एक शब्द, आणि एका शब्दाला एक काम: लोणी म्हणजे लोण्यासारखा वास, दोन दिवस थांबा, आपोआप जातो. कणीस म्हणजे शिजलेल्या मक्याचा वास, उकळ कमी पडली. काडेपेटी म्हणजे गंधक, हवा जाऊ द्या. पुठ्ठा म्हणजे हवा लागून बिअर शिळी झाली, भिजल्या पुठ्ठ्यासारखी लागते. याला इलाज नाही, टाकी सोडा.

"तुमच्या या चार शब्दांनी चोर सापडतोय का बघा," वस्ताद म्हणाला.

बाईंनी सरळच विचारलं, तुम्ही सोडलीत का. वस्तादला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं असावं. तो म्हणाला, मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मी सोडली असती तर धुतली नसती. बाई, ज्याला कुणाचं वाईट करायचं असतं तो व्हॉल्व्ह उघडतो आणि पळतो. ही टाकी आधी सोड्याने, मग साध्या पाण्याने धुतली आहे. दीड तासाचं काम आहे ते. नळीसुद्धा उजव्या अंगाने गुंडाळली आहे. हे वैऱ्याचं काम नाही, हे कामकऱ्याचं काम आहे.

माणूस खडूस, पण बोलला ते खरं. बाईंच्या मनाने ते लगेच मान्य केलं, आणि तिथेच त्या धास्तावल्या. कारण टाकी धुवायची इतकी नीट सवय इथे दोघांनाच होती. एक म्हणजे भाची. बाईंनीच लावलेली.

तीन वाजता मेव्हणे उगवले. मालकांचे मेव्हणे, म्हणून सगळ्यांचेच मेव्हणे. विक्रीचं काम पाहायचे. त्यांना आयपीए नकोच होती. त्या टाकीत वस्तादची फिकी बिअर भरली तर चौपट खपेल, हे ते दर सोमवारी मालकांना ऐकवायचे. पण एकदा त्यांनी हौसेने चुकीचा व्हॉल्व्ह उघडून स्वतःला कमरेपर्यंत भिजवून घेतलं होतं, तेव्हापासून टाकीघराच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

बाईंनी विचारायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली. चोराच्या मनात चांदणं म्हणावं तर चोरीशी त्यांचा संबंध नव्हता; त्यांना नुसतं स्वतःचं बोलणं आवडायचं. काल ते दिवसभर गिऱ्हाइकांकडे होते. परत यायलाच मिळालं नाही. संध्याकाळी टाकीघरात एक फोन केला तेवढाच, पुढच्या आठवड्यात एखादी टाकी मिळेल का विचारायला.

"मग? काय म्हणाले काका?"

"नेहमीसारखं हूं म्हणाले. मी म्हटलं, हूं नको, नंबर सांगा. तर म्हणाले, चार मोकळी झालीय."

"कधी? किती वाजता?"

मेव्हण्यांनी फोन काढून पाहिला. पाच वाजून दहा मिनिटं. भाची आत यायच्या दोन तास आधी.

५

बाई जिना उतरल्या त्या एकाआड एक पायरी गाळत. दिवसभर ज्या माणसाकडे पाठ करून त्या चोर शोधत फिरल्या, तो तिथेच, त्याच स्टुलावर, त्याच वॉशरशी झगडत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"काका, काल पाच वाजता चार नंबर रिकामी होती हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हूं."

"तुम्हीच सोडलीत."

"सोडली, बाई." आवाजात ना अपराध, ना भीती. काका उठले, टाकीघराचं दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मी कुठे बोलणार नाही."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस हजार लिटर बिअर गटारात सोडतो आणि वर मलाच धीर देतो! त्यांनी त्याला फाडफाड सुनावलं. इतकी वर्षं विश्वास टाकला त्याचे हे पांग फेडलेत, म्हणाल्या. काय बिघडवलं होतं त्या पोरीने तुमचं, म्हणाल्या. काका मान खाली घालून ऐकत राहिले, जणू हे सगळं दाराबाहेरच्यांना ऐकवण्यासाठी चाललंय आणि त्यांना ते समजतंय. शेवटी बाईंचा श्वास संपला.

"पाच वाजता तिला नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळणार आहे, काका. वर टाइप होऊन पडलंय."

काकांची मान झटकन वर आली. "कुणाला? पोरीला?"

"मग काय मला?"

"पण..." काका म्हणाले. "मला वाटलं, तिची लाज राहावी म्हणूनच हे सगळं. मग तिलाच कसं काढतात?"

कुणाची लाज, कसली लाज, बाईंना एक अक्षर कळेना. काका मात्र काही न बोलता मागच्या फ्रिजकडे गेले. ब्रुअरीचा एक जुना नियम होता: टाकी सोडायची झाली तर आधी तिच्यातली एक बाटली भरून, चिठ्ठी लावून महिनाभर ठेवायची. कुणी पुढे वाद घातला तर पुरावा असावा. तिला साक्षीची बाटली म्हणत. सकाळपासून सगळं शोधणाऱ्या बाईंना तो फ्रिज उघडायचं सुचलं नव्हतं, कारण चोर काही नियम पाळत नाही, असं त्यांनी धरून चाललं होतं.

काकांनी बाटली त्यांच्या हातात दिली. चिठ्ठीवर काकांचं वळणदार अक्षर. कालची तारीख. टाकी चार. आणि सोडण्याचं कारण, एकाच शब्दात: पुठ्ठा.

६

बाटली घेऊन बाई चवखोलीत गेल्या. काका मागोमाग. घड्याळात सव्वाचार.

एका ग्लासात त्यांनी तीन बोटं बिअर ओतली. फेस जाड, पांढरा, ग्लासच्या काठाला चिकटून राहणारा. फेस बसायच्या आत ग्लासवर तळवा ठेवून हलवलं, तळवा काढला आणि नाक आत घातलं. पपनसाची नुकती सोललेली साल. मागून ओल्या लाकडावर रंधा मारावा तसा राळेचा वास. त्याच्याही खाली भाजलेल्या पावाची कड. त्यांनी पुन्हा हुंगलं, या वेळी पुठ्ठा शोधत, तीस वर्षांचा सगळा संशय नाकपुड्यांत गोळा करून. तळहातांनी ग्लास जरा गरम केला; थंडीत दोष लपतात. पुन्हा हुंगलं. मग घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि गिळला. बिअर थुंकता येत नाही. तिचा कडूपणा कळतो तो घशात, गिळल्यावर.

शिळेपणा नव्हता. कुठेच नव्हता. ही बिअर ताजी होती, स्वच्छ होती, आणि हिंमतवान होती. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते कडूपणाने आलेलं नव्हतं. अशी बिअर या पोरीने केली, आणि ती मी पाच आठवडे चाखली नाही!

"काका, हिच्यात पुठ्ठा आहे असं कोण म्हणालं?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं. "तुम्हीच, बाई. काल. फळ्यावर."

"मी? मी तर ही चाखलीच नव्हती."

"तेच तर. तुम्ही सगळ्यांसमोर चाखणार नाही म्हणाला होतात. मग फळ्यावर दिसलं, तेव्हा मी समजलो, मावशीला राहवलं नाही, गुपचूप चाखली. परीक्षकांपुढे पोरीची फजिती व्हायच्या आत सोडायला सांगितली. कुणाला कळू नये म्हणून लगेच केलं आणि फळा पुसला."

"शब्दाला शब्द सांगा. काय लिहिलं होतं मी?"

"'चार: पुठ्ठा. आजच काढा.'"

बाई खुर्चीत बसल्या. गुडघा अजून ठणकत होता, आणि आता त्या ठणक्याचा अर्थ लागत होता. बाईंनी फळ्यावर लिहावं आणि काकांनी ते करू नये, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. मग काल लिहिलेलं काम तेवढं राहिलं कसं? खोकी जागच्या जागी का? हा प्रश्न सकाळी नऊलाच विचारायला हवा होता. खोकी हलली नाहीत, कारण काकांनी खोक्यांचं वाचलंच नव्हतं. बाहेरच्या कुठल्याही माणसाने तो फळा वाचला असता तर चार नंबरजवळचा पुठ्ठा उचलून बाहेर नेला असता. पण या चार भिंतींत पुठ्ठा म्हणजे पुठ्ठा राहिलाच नव्हता. बाईंनीच तो अर्थ इथून हाकलून दिला होता, एकेका माणसाकडून घोकून घेऊन. आणि एका दुपारी घाईत त्या स्वतःच बाहेरच्या माणसासारखं बोलून गेल्या. लोक ध चा मा करतात. त्यांना एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं.

टाकी धुतली होती, कारण हुकूम होता. फळा पुसला होता, कारण काम झालं होतं. काका गप्प होते, कारण विचारणारीच हुकूम देणारी होती. सगळं चोख बसत होतं.

काका अजून उभेच होते. हळूच म्हणाले, "बाई, सांगा मी चुकलो म्हणून. माझं काय, दोन वर्षं राहिलीत. पोरीचं निभेल."

क्षणभर, खोटं कशाला सांगा, क्षणभर ते बाईंना सोयीचं वाटलं. वाटलं याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्या उठून थेट मालकांच्या खोलीकडे चालू लागल्या.

मालकांच्या खोलीत पाचला पाच मिनिटं कमी असताना सगळे जमले. टेबलावर पत्र, वर पेपरवेट. भाची खिडकीशी पाठ करून उभी. वस्ताद आणि मेव्हणे तमाशा बघायला आल्यासारखे पुढच्या खुर्च्यांत.

"नाव मिळालं," बाई म्हणाल्या. "माझं."

मग त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मेव्हण्यांना आधी हसू फुटलं, मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. बाईंनी बाटलीतली बिअर सगळ्यांना बोटभर बोटभर ओतली. वस्तादने काढा प्यावा तसं तोंड करून घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ त्या ग्लासकडेच बघत राहिला.

मालकांनी पत्र उचललं आणि चार तुकडे केले. पण मोकळं काही सोडलं नाही. टाकी पुन्हा भरायची, पाच आठवडे पुन्हा थांबायचं; आणि उद्या दहा वाजता तीन परीक्षक येतील त्यांच्यासमोर बाईंनी स्वतः उभं राहून सांगायचं, की बिअर का नाही. तिघांपैकी दोघांनी बाईंच्याच हाताखाली धडे घेतले होते. बाई म्हणाल्या, सांगीन.

७

सगळे गेल्यावर भाची चवखोलीत आली. तिने मावशीला मिठी मारली नाही की पायाही पडली नाही. बाटलीत तळाला चार बोटं उरली होती, ती तिने दोन ग्लासांत ओतली आणि परीक्षणाचा कागद मावशीसमोर सरकवला.

"भर."

बाईंनी तोंड उघडलं, माफीचे शब्द जमवत. भाचीला ते नकोच होते.

"ते नंतर. आधी हे भर. उद्या तू त्या लोकांना सांगणार ना, बिअर का नाही? मग कशी होती तेही सांग. आकड्यात."

बाईंनी चष्मा लावला. पुन्हा हुंगलं, पुन्हा घोट घेतला, आणि लिहायला लागल्या. वासाला बारापैकी अकरा. दिसण्याला तीनपैकी तीन. चवीपाशी पेन थांबलं, पुढे गेलं, मागे आलं. शेवटी खाली बेरीज झाली: पन्नासपैकी बेचाळीस. इतके गुण या खोलीत आजवर कुणाला पडले नव्हते, वस्तादलाही नाही. भाचीने कागद ओढून घेतला आणि वाचला.

"आठ कुठे गेले?"

"पाच चवीचे. कडूपणा गिळल्यावर फार वेळ रेंगाळतो. बाकी तीन इकडचे तिकडचे."

"तो मुद्दाम ठेवलाय, मावशी." भाचीचा आवाज चिरकला. रडतही होती आणि भांडतही होती. "शेवटची हॉप्स मी मुद्दाम उशिरा टाकली. घोट गेल्यावर ती लगेच संपायला नको होती मला. चुकून राहिलेलं नाही ते. नीट चाखून सांग, चुकून राहिल्यासारखं लागतं का."

बाईंच्या ग्लासात शेवटचा घोट होता. तो त्यांनी घेतला, डोळे मिटून बसून राहिल्या, आणि कडूपणा कुठे जातो, किती वेळ जातो आणि जाताना मागे काय ठेवतो, ते शेवटपर्यंत पाहिलं. बाहेर काका एकेक खोकं उचलून नेत होते, त्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी कागद परत घेतला, बेचाळीस खोडले, सेहेचाळीस लिहिले, आणि खाडाखोडीच्या बाजूला, नियमाप्रमाणे, आपली पूर्ण सही केली.